अक्का चालू म्हणाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या बायकांना तर नाहीच. अक्काने काम थांबवायचं म्हटलं होतं. माझ्याकडे बघून म्हटलं होतं. तिच्याखेरीज खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तिचं म्हणणं कळलं ते फक्त मला. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याने तिच्या म्हणण्याचा अर्थ उलटा झाला, आणि पुढचं जवळजवळ वर्षभर ती तो उलटा अर्थ पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढत राहिली.

एवढंच आहे. पण एवढंच सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, गप्प बसलास, त्यात काय एवढं? मीही स्वतःला बरेच दिवस तेच म्हणत होतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सोलापुरात लहान गटांना उभं ठेवणारं एक केंद्र आहे, तिथं मी नोकरी करतो. गट म्हणजे संस्था म्हणाव्यात एवढेही मोठे नसतात. पारध्यांच्या वस्तीवर कुणी चालवलेली अभ्यासिका, दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात चारचौघींनी मिळून सुरू केलेला शिवणवर्ग, असं. आपल्याच माणसांसाठी काहीतरी करायला बसलेली माणसं. कचेरीची भाषा त्यांना नीट येत नाही आणि त्यांची भाषा कचेरीला अजिबात येत नाही. मी मध्ये उभं राहायचं. बँकेत बरोबर जायचं, बैठक कशी घ्यायची ते दाखवायचं, रुसवेफुगवे काढायचे, आणि मदत देणाऱ्यांपैकी कुणी बाहेरून बघायला आलं की यांचं त्यांना आणि त्यांचं यांना समजावून सांगायचं.

असे गट कसे बंद पडतात ते मी तुम्हाला डोळे मिटून सांगेन. भांडून नाही पडत. एकीचं लग्न होतं. एक घर श्रीपूरकडे ऊसतोडीला जातं आणि हंगाम संपून पट्टा पडला तरी परतत नाही. ज्याच्या खोलीत जमायचं त्याला खोली लागते. मग एक दिवस फोन उचलला जात नाही. त्या काळात माझ्या हातातले गट असेच एकामागून एक विझत चालले होते. दर वेळी मी ऑफिसात येऊन सांगायचो, "तात्पुरतं थांबलंय." हे इतक्यांदा सांगितलं, की आमचे साहेब मला दारात बघितलं की म्हणायचे, "या. आज काय तात्पुरतं?" सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येताना मात्र एकच हिशेब करत यायचो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतो? आणि खरं सांगू, नोकरीची भीती तरी बाहेर बोलता येते. आपल्या हाताला यश नाही ही भीती बोलताही येत नाही.

उरला होता तो अक्काचा गट.

अक्का पूर्व भागातली. तिकडे विणकरांची तेलुगू घरं. पुरुष मागावर, बायका विड्या वळायला. पिढ्या झाल्या येऊन, पण घरातली भाषा अजून तेलुगूच. अक्काने सगळं आयुष्य मांडीवर सूप घेऊन, पान कापून, तंबाखू भरून काढलं. मराठी तिला कामापुरती यायची, आणि त्यातही बाई-पुरुष सगळं एकच. "मी आला," "ते पोरगी गेला," असं.

गट कसा सुरू झाला ती गोष्ट गल्लीत अजून हसत सांगतात. अक्काच्या शेजारची म्हातारी एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली. छातीवर हात दाबून म्हणत होती, "गुंडे, गुंडे." तेलुगूत गुंडे म्हणजे काळीज. ड्युटीवरचं पोरगं नवीन, बाहेरगावचं. त्याला वाटलं, हिला गुंडांनी मारलंय. "कुठले गुंडे, आजी? किती जण होते?" आजी आणखी जोराने, "गुंडे!" त्याने चौकीतला हवालदार बोलावला. खाकी कपडे बघून म्हातारीला दरदरून घाम फुटला. अक्का सुनेला घेऊन शेजारच्या रांगेत होती. ती पुढे आली आणि स्वतःच्या छातीवर थापा मारत ओरडली, "ओ साहेब, गुंडा नाही आला! काळीज दुखतोय, काळीज!" मग धावपळ झाली. म्हातारी वाचली. हवालदारसुद्धा हसला म्हणतात.

अक्का हसली नाही. घरी येऊन तिने गल्लीतल्या बायकांना एवढंच विचारलं, "आज मी होते. उद्या कोण?" त्यातून सोबत सुरू झाली. गटाला नाव असं नव्हतंच, सगळे 'सोबत' म्हणायचे. पाच-सहा बायका. ज्या बाईला मराठी येत नाही तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं, डॉक्टरचं तिला सांगायचं, तिचं डॉक्टरला. विड्या वळून, घरचं करून जे उरेल त्यातून.

मला तेलुगू येतं. वडील मोडनिंबहून सुताच्या दुकानात कामाला आले आणि आम्ही पूर्व भागातच भाड्याने राहिलो. लहानपणी त्या गल्लीतल्या पोरांबरोबर मी त्यांच्याच भाषेत भांडायला शिकलो. म्हणून अक्काचा गट माझ्याकडे आला. आणि म्हणूनच पुढचं सगळं मला क्षमा करण्यासारखं नाही.

नव्या कार्यकर्त्यांना शिकवताना मी एक किस्सा हमखास सांगायचो. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बास. मराठीत चालू म्हणजे काय ते सांगायला नको. तर तेलुगूंच्या लग्नात वाढायला मराठी पोरं. पंगतीतला पाहुणा ताटावर आडवा हात धरून म्हणतोय, "चालु, चालु!" आणि पोरगं म्हणतंय, "चालूच आहे की काका, घ्या." भातावर भात. मी हात आडवा धरून, तोंड वेडंवाकडं करून हे दाखवायचो. पोट धरून हसायची पोरं. मग मी गंभीर होऊन म्हणायचो, शब्द ऐकू नका, माणूस ऐका. फार छान बोलायचो मी.

सोबतीचं नाव होत गेलं तसं काम वाढलं. दूरच्या गल्ल्यांतून बायका यायला लागल्या. अक्कलकोटकडच्या कानडी बायकाही यायच्या. त्यांची भाषा अक्काला येत नव्हती, पण ती हाताला धरून न्यायची आणि कुठूनतरी कानडी येणारं माणूस शोधून आणायची. त्या उन्हाळ्यात मला अक्काचा खोकला पहिल्यांदा जाणवला. आधीपासूनच असणार. विडीच्या घरात खोकल्याकडे कोण बघतं? दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर जाताना ती मध्येच थांबून जिन्यावर बसायची, जणू चपलेत खडा गेलाय अशी चप्पल काढून बघायची. मी तिला दोनदा तसं बघितलं. म्हटलं, "अक्का, तुम्ही स्वतःला एकदा दाखवून घ्या की."

"घेतो," म्हणाली. "हे बाईचा होऊ दे."

त्याच सुमारास मदत देणाऱ्यांकडून पुण्याच्या एक बाई बघायला यायच्या होत्या. काम दुप्पट करायचं, आणखी वस्त्या घ्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. आमच्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि या वेळी चेष्टा केली नाही. म्हणाले, "हा एकच गट दाखवण्यासारखा राहिलाय. नीट सांभाळा." मी मान डोलावली. नीट सांभाळा म्हणजे काय ते दोघांनाही कळलं होतं.

बाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. गटातल्या बाकीच्या बायका विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या. घरात अक्का एकटीच, सुपात अर्धवट वळलेल्या विड्या. बाई चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल मला काही वाईट सांगायचं नाही. चप्पल बाहेर काढून आल्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या, चहा शेवटपर्यंत प्यायल्या. काम कसं चालतं ते विचारलं. अक्का आपल्या मराठीत सांगत होती, अडलं की तेलुगूत माझ्याकडे वळत होती, मी पुढे सांगत होतो. गुंड्यांचा किस्सा ऐकून बाई अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. अक्काही हसली, आणि त्या हसण्यातून तिला खोकला लागला. तो बराच वेळ थांबेना. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग बाईंनी विचारलं, "अक्का, पुढच्या वर्षी काम वाढवायचं आमच्या मनात आहे. तुम्ही काम चालू ठेवणार ना?"

अक्काने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. सुपावर आडवा हात धरला, तळवा खाली, आणि म्हणाली, "चालु, अय्या. इग चालु."

पुरे, बाबा. आता पुरे.

बाईंचा चेहरा उजळला. "चालू! वा, अक्का!" त्यांनी पुढे होऊन अक्काचा तो आडवा हात दोन्ही हातांत घेतला.

एक वाक्य. 'बाई, त्या थांबायचं म्हणताहेत.' जिभेवर होतं. मी स्वतःला सांगितलं, आत्ता बाईंचा विरस कशाला, त्या गेल्या की अक्काशी बोलू, मग साहेबांना सांगू, काहीतरी मार्ग काढू. हे सगळं चहाचा कप खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मनात आलं आणि मी कप खाली ठेवला. अक्का माझ्याकडेच बघत होती. आधी वाट बघत होती. मग तिचा चेहरा बदलला. रागावली नाही. पोरगं खोटं बोलतंय हे आईला कळतं आणि पाहुण्यांसमोर ती काही म्हणत नाही, तसा तो चेहरा. बाईंच्या हातातून तिने हात हळूच सोडवून घेतला आणि म्हणाली, "अजून चहा घ्या की."

बाई गेल्यावर मी अक्काशी बोललो नाही. त्यांना स्टेशनवर सोडायचं कारण होतं.

संध्याकाळी बायका जमल्या, तेव्हा मी गल्लीत परत गेलो. अक्का आत चुलीपाशी होती. गटात एक शिवणकाम करणारी आहे, सगळ्यांत धाकटी, तोंडाने फटकळ. तिने दारातच विचारलं, "काय झालं सर? पास का नापास?"

मी मराठीत म्हणालो, "काम वाढणार. अक्का चालू म्हणाली."

एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं त्यात. ती बाई तेलुगू, मी तेलुगू जाणणारा, आमचं एरवीचं बोलणं तेलुगूतच चालायचं, आणि नेमकं तेवढं वाक्य मी मराठीत बोललो. ते आपोआप झालं नाही. मी ते निवडलं.

धाकटी कमरेवर हात ठेवून आतल्या दिशेला ओरडली, "काय गं अक्का! वाढवणार? पाय कुणाचे, तुझे? आमचे पाय काय बक्षीस मिळालेत तुला?"

दुसरी म्हणाली, "असू दे की. अक्काला आता लीडर व्हायचंय. फोटो येईल पेपरात."

सगळ्या हसल्या. हसण्यात थोडं खरंही होतं. मी आतल्या काळोखाकडे बघत होतो. आता अक्का बाहेर येईल आणि म्हणेल, मी कुठं म्हणाले? अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "करू की. जमेल तेवढं करू."

का म्हणाली? मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं तिने ओळखलं, की हा मेटाकुटीला आलाय. याचं काहीतरी अडलंय. बायकांपुढे याचं तोंड कशाला उघडं पाडायचं? ती लोकांची दुखणी ओळखत हिंडणारी बाई. माझंही ओळखलं असेल.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, आणि त्यात घडलं तसं काही नाही. फोन वाजला की दचकायचो. पूर्व भागातून कुणाचा असला की आधी एक रिंग वाजू द्यायचो, दुसरी वाजू द्यायचो, मग उचलायचो. गल्लीत जायचं टाळायला लागलो. गेलो तर गाडी बंद न करता बोलायचो. ऑफिसात सोबतीचं कौतुक व्हायचं. साहेबांनी मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या लोकांना शिकवायला पाठवलं. तिथं तो पंगतीचा किस्सा सांगायची वेळ आली, तोंड उघडलं, आणि मला हात आडवा धरता येईना. मी पाणी प्यायलो आणि दुसरंच काहीतरी बोललो.

इकडे गटातून एक बाई गेली, मग आणखी एक. जाताना दोघीही अक्कावर चिडून गेल्या. तिला मोठेपणा पाहिजे होता, तिने न विचारता शब्द दिला, आता तीच निस्तरेल. उरलेल्यांचंही मन उडालं. त्यांचं काय चुकलं? विडी न देऊन चालत नाही, घर सोडून चालत नाही. जिथं कुणी जायचं नाही तिथं अक्का जायची. धाकटी मला फोनवर म्हणायची, "सर, तुम्ही तरी सांगा तिला. खोकून खोकून मरेल एक दिवस. चालू म्हणायची हौस कुणाला होती?" मी म्हणायचो, "सांगतो."

सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर तिनं विचारलं असतं, मी काय सांगितलं होतं तुला?

मग तो फोन आला. भर दुपारी, मी ऑफिसात जेवायला डबा उघडलेला. धाकटी. "सर, अक्का दवाखान्यात पडली. पेशंट घेऊन गेली होती, बाकावर बसली ते उठलीच नाही म्हणे. तिच्याबरोबरच्या बाईला मराठी येत नाही. आम्ही सगळ्या कारखान्यावर. तुम्ही जवळ आहात, पळा की!"

डबा तसाच ठेवून गाडी काढली. रस्त्यात एका सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आता लिहून टाकतो, एवढं लिहिलं तर तेही लिहायला पाहिजे. अक्का वाचू दे, हे होतं. आणि त्याच्या मागोमाग, तिने कुणाला काही सांगितलं नसू दे, हेही होतं. कुठलं आधी आलं ते मी नक्की सांगू शकत नाही.

तिला खाटेवर अर्धवट बसवलं होतं, तोंडावर मास्क. जिला ती घेऊन आली होती ती बाई तिची पाठ चोळत उभी होती आणि रडत होती. मी आल्यावर डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तरुण होते, दमलेले, चांगले वाटले. "यांची भाषा येते का तुम्हाला? बरं झालं. विचारा, दम कधीपासून लागतो?"

मी तेलुगूत विचारलं. अक्काने मास्क थोडा बाजूला केला. गेल्या उन्हाळ्यापासून, म्हणाली. मी सांगितलं.

"मग इतके दिवस काय केलं? एवढ्या अवस्थेत कामं करत फिरायचं? थांबावंसं नाही वाटलं?"

हेही मी तिला तेलुगूत सांगितलं, खरं तर तिला ते मराठीतच कळलं होतं. तिने दोन-तीन श्वास गोळा केले. मग एकेक शब्द सोडत म्हणाली, "मी सांगितलं होतं, बिड्डा. पुरे म्हणून सांगितलं होतं. त्यांना सांग." बिड्डा म्हणजे लेकरा.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. हातात पेन.

मी म्हणालो, "कामात होत्या म्हणताहेत. राहून गेलं."

अक्काने डोळे मिटले. डॉक्टर वाकून तिला जरा मोठ्याने, प्रेमानेच रागावले, "असं कसं चालेल, आजी? जगाला दवाखान्यात आणता आणि स्वतःकडे बघत नाही? चूक आहे ना ही?"

अक्काने डोळे उघडले. मास्कच्या आतून म्हणाली, मराठीत, "व्हय डॉक्टर. माझा चूक झाला."

मी तिच्या पायाशी उभा होतो. तिची पाठ चोळणारी बाई मला तेलुगूत विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले? मी तिला म्हटलं, काही नाही, बऱ्या होतील.

जिवावरचं टळलं. छाती तंबाखूच्या धुळीने कधीपासूनच खराब झालेली होती. वर्षभर आधी काम थांबवून औषधं सुरू केली असती तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. घरचा माणूस समजून सांगितलं. आता अक्का घरी असते. खाटेशेजारी हवेचं मशीन, नाकाला नळी. दारापर्यंत येते, गल्लीच्या टोकापर्यंत नाही.

बायका तिच्याकडे जात नाहीत. सुरुवातीला गेल्या, मग येणं कमी झालं, मग बंदच. आजाराला भिऊन नाही. राग आहे. आपला गट तिने मोडला असं त्यांना वाटतं. अक्काची सून मला म्हणाली, "ज्यांना ज्यांना घेऊन गेल्या त्या येतात भेटायला. गटातली एकही येत नाही."

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. बायकांचा विषय तिनेच काढला. म्हणाली, कामात असतील, सीझन आहे. नाकाची नळी सारखी केली. मग तिने तेलुगूत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी तुला नीट ऐकू आलं नसेल, नाही का? शेजारचे माग चालत होते. आवाज फार होता."

त्या दिवशी वीज गेली होती. सगळे माग बंद होते. सुपातलं पान हललं तरी ऐकू येत होतं. हे मला आठवतं, आणि तिला आठवत नसेल असं मला वाटत नाही. ती मला सुटायला दार उघडून देत होती, आणि मला ते कळत होतं.

मी म्हणालो, "हो अक्का. आवाज होता."

तिने मान हलवली आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

परवा धाकटीचा फोन आला. येत्या रविवारी गटातल्या सगळ्या धाकटीच्या घरी जमणार आहेत, सोडून गेलेल्या दोघीही. सोबत बंद करायची का नव्याने कुणी पुढं होऊन चालवायची, ते ठरवायला. मला बोलावलंय. मी विचारलं, "अक्काला?"

"तिला कशाला? परत चालू म्हणेल," धाकटी म्हणाली आणि हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "नको सर. ती आली तर कुणी तोंड उघडणार नाही. तिनं आमचं ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "रविवारी बोलू."

तेव्हापासून मी 'अक्काने काम थांबवायचं म्हटलं होतं' हे वाक्य तेलुगूत जुळवतोय. मराठीत लगेच जमलं, म्हणून इथं आधी मराठीत लिहिलं. तेलुगूत म्हणताना अर्ध्यावर थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बायको विचारते, काय पुटपुटताय? काही नाही म्हणतो. नोकरी जाईल, जाऊ दे, असं म्हणण्याइतका मी धीट नाही. तीही भीती आहेच. धाकटी काय बोलेल तीही आहे. सगळ्यांत जास्त भीती याची, की मी त्या खोलीत बसेन, चहा येईल, आणि मी कप खाली ठेवेन.

अक्काने पुरे म्हटलं होतं आणि मी ते दाबलं, हे त्या बायकांना अक्काच्या घरी नेऊन, तिच्या खाटेपाशी बसून, त्यांच्या भाषेत मला सांगायचं आहे. डॉक्टरांनाही तिचं ते वाक्य सांगायचं राहिलं आहे. अजून यातलं काहीही मी केलेलं नाही.